खाणीच्या बागेतलं गवत

हिरा रणपिसे यांचं अर्धं आयुष्य कानावर चाललं. टेलिफोन खात्यात त्या ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे फोन जोडून द्यायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि दिवसभर लोकांचे जन्म, मरणं, लग्नं, माल पोचल्याचे आणि न पोचल्याचे निरोप. नागपूरच्या ऑपरेटरचं आज घरी भांडण झालंय हे त्यांना तिच्या नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. छप्पन साली वडलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा हिरा त्यांच्या कडेवर होती. वडलांनी मुलीला मॅट्रिक केलं, मुलगी सरकारी नोकरीत चिकटली, आणि विश्रांतवाडीच्या त्या गल्लीत कितीतरी वर्षं 'फोनवाल्या हिराताई' एवढाच पत्ता पुरायचा.

मग नाक्यानाक्यावर एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या लागल्या. लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले. बोर्डाचा हॉल रिकामा झाला आणि हिराताईंना एक टेबल देऊन तक्रारी नोंदवून घ्यायला बसवलं. आवाज ओळखणाऱ्या बाईला आता आरडाओरडा ऐकायचा पगार मिळू लागला. त्याच सुमाराला त्यांना झोप येईनाशी झाली आणि डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं.

चालायला जवळ होती ती खाणीची बाग. पाटीवर कुणा पुढाऱ्याच्या वडलांचं नाव होतं, ते कुणी घेत नसे. पुढच्या भागात झोपाळे, घसरगुंडी आणि तोंड वासून कचरा मागणारा सिमेंटचा ससा. मागे जुनी दगडाची खाण, तिच्यात साठलेलं पाणी, आणि त्याच्या वरच्या अंगाला मोठा उतार. त्या उतारावर सुबाभूळ इतकी माजली होती की आत शिरायची कुणाला इच्छाच होत नसे.

एका सकाळी त्या उतारावरून टिटवीचा आवाज आला. टिटवी काही दुर्मिळ पक्षी नव्हे, पण हा आवाज जमिनीलगतून येत होता आणि त्यात कमालीची घाई होती. हिराताईंना राहवेना. त्या फांद्या बाजूला करत वर गेल्या, तर झाडांच्या मधोमध एक लहानसा उघडा तुकडा होता आणि तिथे पांढऱ्या केसांची, सलवार-कमीझ घातलेली एक बाई गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होती.

"तुमचं काही हरवलंय का?" हिराताईंनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "गवत."

"गवत? बागेत गवत शोधायला लागतं?"

"तीच तर रड आहे ना."

या पद्मजा मेहेंदळे. कर्वेनगरच्या बाजूच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. विद्यार्थिनी असताना त्या याच उतारावर गवतं गोळा करायला आल्या होत्या. तेव्हा इथे बाग नव्हती, नुसता माळ होता. पवन्या, मारवेल, कुसळी अशी कमरेएवढी गवतं आणि अधूनमधून एखादी बाभूळ, एखादी बोर. पुढे हिरवळ करायची म्हणून कुणीतरी सुबाभूळ आणून लावली. तिच्या शेंगा पसरल्या, तिच्या सावलीत गवत मेलं.

"लोक खूश आहेत, हिरवं दिसतंय म्हणून," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही जरा कान देऊन ऐका. आत काही ओरडतंय का?"

हिराताईंनी ऐकलं. त्या एका तुकड्यावरची टिटवी सोडली तर उरलेल्या सगळ्या हिरव्यागार उतारावर अगदी शुकशुकाट होता. लाइन मेल्यावर कानात येतो तसा. पुढे कुणी विचारलं की तुम्ही या फंदात कशा पडलात, तर त्या एवढंच सांगायच्या, "मला ती शांतता सहन झाली नाही."

पहिली दोन-तीन वर्षं त्या दोघीच होत्या. पावसानं जमीन मऊ झाली की सुबाभळीची रोपं मुळासकट उपटायची, मोठी झाडं तोडून बुंधे पहारीनं खणून काढायचे, कारण बुंधा राहिला की पुन्हा फुटलाच. दिवाळीनंतर दिघीच्या, सासवडच्या बाजूला जाऊन गवताचं बी ओरबाडून आणायचं आणि मोकळ्या केलेल्या जागेत पेरायचं. हिराताईंच्या हाताला घट्टे पडले. त्यांचे यजमान संभाजीराव खडकीच्या कारखान्यात होते, बोलायला मोजके. ते म्हणाले, "लोकं गवत काढायला माणूस लावतात. आमच्याकडे गवत लावायला बाई जाते." पण पहारीला नवा दांडा त्यांनीच बसवून दिला.

मैत्री मात्र खरी होती. नंतर जे झालं त्यामुळे हिराताईंच्या घरचे लोक 'ती बाई पहिल्यापासूनच तशी' असं म्हणायला लागले, पण ते खरं नाही. पद्मजाबाई दगडावर बसून हिराताईंच्या डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी मागून खायच्या. हिराताई पहिल्यांदा कर्वेनगरला गेल्या तेव्हा पद्मजाबाई त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मला आलं किसून दे गं, माझं मनगट दुखतंय." हिराताईंनी असली घरं बाहेरच्या खोलीपुरती पाहिली होती. त्या आलं किसत राहिल्या आणि परत येताना बसमध्ये त्यांना उगीचच भरून आलं. त्या दिवसापासून मेहेंदळे मॅडमच्या पद्माताई झाल्या.

हळूहळू माणसं जमली. रविवारी सकाळी दहा-पंधरा जण यायचे. त्यांत आमोद नावाचा खराडीच्या एका कंपनीतला इंजिनियर होता, हुशार आणि उत्साही. त्याच्या कंपनीची माणसं वर्षातून एकदा एकसारखे टी-शर्ट घालून यायची, फोटो काढायची आणि निघून जायची. पण तो स्वतः दर रविवारी यायचा आणि घाम गाळायचा. बाग सांभाळणाऱ्या महापालिकेच्या साहेबांनी सांगितलं की रीतसर समिती करा, म्हणजे आम्हाला बरं पडेल. अध्यक्ष कोण, असा प्रश्न आला तेव्हा पद्मजाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही.

"हिरा. ती इथली आहे. मी कर्वेनगरहून यायचं आणि इथं पुढेपुढे करायचं, हे शोभत नाही."

हिराताई नको नको म्हणाल्या, पण मनातून त्यांना फार बरं वाटलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना जोडून दिलं होतं आणि स्वतः लाइनच्या बाहेर राहिल्या होत्या. त्यांचं नाव पुढे लावावं असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

झाडं काढायच्या परवानगीचं विचारलं तेव्हा साहेब हसले होते. "सुबाभूळ ना? ते काय झाड आहे का ताई? काढा खुशाल." ते बोलणं तोंडीच राहिलं. पुढे साहेबांची बदली झाली.

कुरबुर झाली ती एकाच माणसाशी. धानोरीच्या सरूबाई उतारावर शेळ्या आणायच्या. गवत यायला लागलं, टिटव्या आणि चंडोल जमिनीवर अंडी घालायला लागले, आणि शेळ्यांच्या पायांखाली ती फुटायला लागली. हिराताईंनी सरूबाईंना उन्हाळ्यात शेळ्या आणू नका म्हणून सांगितलं.

"माझी सासू बी हितंच शेळ्या चारायची," सरूबाई म्हणाल्या. "तवा कुठं हुती तुमची कमिटी?"

"बाई, पाखरं जमिनीवर घरटी करतात. तुमच्या शेळ्या काय खाली बघून चालतात?"

"आन माझ्या शेळ्यांनी काय खावं मग? तुमचं भाषान?"

हिराताई त्या दिवशी चढ्या आवाजात बोलल्या. वॉचमनला सांगून त्यांनी सरूबाईंना बाहेर काढलं. दोन दिवस त्यांच्या मनाला ते लागून राहिलं. मग त्यांनीच धानोरीला जाऊन तोड काढली. शेळ्या आणायच्या नाहीत, पण सुबाभळीचं तोडलेलं सगळं लाकूड सरूबाईंनी चुलीला न्यायचं. सरूबाईंनी एक शेळी ठेवली, बाकीच्या विकल्या आणि रविवारी दुपारी येऊन मोळी बांधू लागल्या. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत, पण व्यवहार सरळ होता.

आणि उतार बदलला. ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. पावसाळ्यात गवत वाऱ्यानं लवायचं तेव्हा अख्खा उतार पाण्यासारखा हलायचा. मुनियांचे थवे तुऱ्यांना लोंबकळायचे. खाणीच्या पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे आले. तित्तर ओरडू लागला. हिराताईंना पक्ष्यांची नावं पाठ व्हायला वेळ लागला, रंगांचा तर गोंधळच व्हायचा. पण आवाज एकदा ऐकला की पक्का. डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चंडोल वर गेला. आता खाली येतोय. आला."

याच वर्षांत बागेला लागून बारा मजली टॉवर उभा राहिला. प्रज्ञेश, हिराताईंचा एकुलता एक मुलगा, इंजिनियर होऊन सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. दोन वर्षं अमेरिकेत राहून आला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, पूर्वानं, त्याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आईच्या जवळ राहावं म्हणून. दारावरच्या पाटीवर नुसतं 'प्रज्ञेश – पूर्वा' असं लिहिलं होतं. संभाजीरावांनी पाटी वाचली आणि विचारलं, "आडनाव मावलं नाही का?" प्रज्ञेश म्हणाला, "बाबा, आजकाल असंच लावतात." ते तिथेच संपलं.

टॉवरच्या जाहिरातीत बागेचं चित्र होतं. त्या चित्रात हिरवळीवर एक गोरं मूल फुगा घेऊन धावत होतं. लोक राहायला आले पावसाळ्यानंतर, तेव्हा उतार हिरवाच होता. मग उन्हाळा आला. माळाचं गवत उन्हाळ्यात वाळतं, ते वाळायलाच हवं, बी जमिनीत जाऊन बसायला हवं. पण नवव्या, दहाव्या मजल्यांवरून ते दिसलं उजाड. पिवळं, रखरखीत. लोकांनी चौकशी केली तेव्हा कळलं की इथे पूर्वी दाट झाडी होती आणि कुणीतरी बाया ती तोडतात.

गोष्ट फुटली ती एप्रिलमधल्या एका रविवारी. टॉवरच्या भिंतीलगत सुबाभळीचा शेवटचा पट्टा उरला होता. सकाळी काम सुरू झालं आणि थोड्याच वेळात तीस-चाळीस माणसं आत आली. पुढे श्यामसुंदर परांजपे. बँकेतून निवृत्त झालेले, झाडांसाठी जीव टाकणारे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. टेकडीवर डोक्यावरून पाणी नेऊन त्यांनी झाडं जगवली होती, रस्तारुंदीत वड पडला तेव्हा ते रस्त्यावर बसून रडले होते. पण त्यांच्या लेखी झाड म्हणजे झाड. सोबत दोन फोटोवाले होते.

"कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"साहेबांच्या," हिराताई म्हणाल्या.

"कुठले साहेब? कागद दाखवा."

"तोंडी दिली होती. भाऊ, ही सुबाभूळ आहे. बाहेरून आणलेलं झाड. हिच्याखाली गवत होत नाही, पाखरं होत नाहीत…"

"झाडांत जातपात करता?" श्यामसुंदर ओरडले. "अहो, झाडांत? आणि तीही तुम्ही?"

त्या 'तुम्ही'वर हिराताईंचं बोलणं थांबलं. आपण काय ऐकलं ते त्यांना बरोबर कळलं. आवाजांचीच नोकरी केली होती. त्यांनी मागे वळून पाहिलं. पद्मजाबाई तिथेच, चार पावलांवर उभ्या होत्या. सुबाभळीबद्दल अर्धा तास सांगू शकणारी, तिचं मूळ गाव कुठल्या देशात आहे हे माहीत असणारी ती एकच बाई तिथे होती. पद्मजाबाईंनी पर्स उघडली आणि तिच्यात चष्म्याचं घर शोधू लागल्या.

लोकांनी तोडलेल्या बुंध्यांना मिठ्या मारल्या. फोटो निघाले. दुपारी सरूबाई नेहमीप्रमाणे मोळी न्यायला आल्या तेव्हा त्यांचाही फोटो निघाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठ्या अक्षरांत 'बागेत वृक्षांची कत्तल' आणि खाली डोक्यावर मोळी घेतलेल्या सरूबाई. मजकुरात होतं की समितीच्या नावाखाली लाकडाचा धंदा चालतो. अध्यक्षांचं पूर्ण नाव छापलं होतं.

चौकीवर हिराताईंना तीनदा बोलावलं. बाकावर बसवून ठेवायचे. हवालदार सभ्य होता, म्हणाला, "मावशी, तुम्ही साइन केलीय ना अध्यक्ष म्हणून? मग तुम्हीच." बदली झालेल्या साहेबांना फोन केला तर त्यांना ही बागच आठवेना. संभाजीराव प्रत्येक वेळी सोबत गेले. रस्त्यात एकदाच म्हणाले, "चाळीस वर्षांत चौकीची पायरी चढलो नव्हतो."

पद्मजाबाई फोन उचलत नव्हत्या. हिराताईंनी मनाची समजूत घातली, वय झालंय, धसका घेतला असेल. मग बागेच्या कचेरीत सुनावणी ठेवली. टेबलापलीकडे नवे साहेब, अलीकडे एका बाजूला श्यामसुंदर आणि टॉवरचे दोन-तीन रहिवासी, दुसऱ्या बाजूला समिती. पद्मजाबाई आल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, हातात फाइल. त्यांना पाहून हिराताईंना धीर आला. आता पद्माताई बोलतील आणि सगळं समजावून सांगतील.

साहेबांनी आदरानं विचारलं, "मॅडम, आपण तज्ज्ञ. आपल्या मार्गदर्शनाखाली ही झाडं काढली का?"

पद्मजाबाईंनी हातातली फाइल टेबलावर ठेवली. "माझं काम वनस्पती ओळखण्यापुरतं होतं," त्या म्हणाल्या. "कुठलं गवत कुठलं, एवढंच. काय तोडायचं, कधी तोडायचं, हा समितीचा निर्णय असायचा."

"म्हणजे अध्यक्षांचा?"

"समितीचा," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि मग, "हो. अध्यक्षांचा."

हिराताईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम म्हणतायत ते लिहून घ्या." बाहेर आल्यावर जिन्यात पद्मजाबाई मागून आल्या. "हिरा, अगं मी सांभाळूनच बोलले. माझ्या पेन्शनचं…" हिराताईंनी मागे पाहिलं नाही. चप्पल नीट घातली आणि जिना उतरल्या.

त्याच आठवड्यात सरूबाई दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. त्यांचा कोयता जप्त झाला होता आणि पेपरातला फोटो कुणीतरी त्यांच्या जावयाला दाखवला होता.

"तुमच्या पाखरांपायी माझ्या शेळ्या गेल्या," त्या म्हणाल्या. "आता चोर म्हन्त्यात मला. तुमाला पेन्शन हाय. मला काय हाय?"

हिराताई नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या. सरूबाई थुंकल्या नाहीत एवढंच.

प्रज्ञेश संध्याकाळी आला. बूट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसला.

"आई, माफीनामा देऊन टाक. ते म्हणतायत की समितीनं चूक कबूल केली आणि नवीन झाडं लावली तर केस मागे घेतील."

"चूक काय केली मी?"

"चूक-बरोबरचा प्रश्न नाहीये. आमच्या सोसायटीच्या ईमेल ग्रुपवर काय काय लिहितायत तुला माहितीये? यांना ती जागा बळकवायची आहे, आज गवत लावलं, उद्या झेंडा लावतील. असलं सगळं. मी रोज ऑफिसात बसून ते वाचतो."

"मग तू काय लिहिलंस?"

"मी कशाला लिहू? त्यांना माहीत नाहीये."

"काय माहीत नाहीये?"

"की तू माझी आई आहेस. मी सांगितलेलं नाही."

आत संभाजीराव रेडिओ ऐकत होते, तो बंद झाला. हिराताईंनी मुलाकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते, रात्री झोपला नसावा. त्यांना त्याची दया आली आणि त्या दयेचाच जास्त राग आला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "चहा घेणारेस?"

माफीनाम्यावर त्यांनी सही केली नाही. समितीनं बैठक घेतली, त्यांना बोलावलं नाही, आमोदला अध्यक्ष केलं आणि माफीनामा दिला. आमोद येऊन सांगून गेला. "ताई, निदान जागा तरी आपल्या हातात राहील. इट्स अ कॉम्प्रमाइज." त्याला खरंच तसं वाटत होतं. अट अशी होती की उतारावर एक हजार झाडं लावायची. श्यामसुंदरांची संस्था रोपं देणार, आमोदची कंपनी टी-शर्ट आणि नाश्ता. पाऊस यायच्या आधी खड्डे तयार हवेत म्हणून मे महिन्यातच जे.सी.बी. आणायचा आणि त्याच दिवशी समारंभ करून घ्यायचा ठरलं.

मे महिना हा टिटवीच्या अंड्यांचा.

हिराताई जाणार नव्हत्या. पण सकाळी घरात बसल्या बसल्या त्यांना लांबून टिटव्यांचा आवाज ऐकू आला, की ऐकू आल्यासारखं वाटलं, आणि त्या तशाच घरच्या साडीवर निघाल्या. बागेत मांडव होता, स्पीकर होता. हिरव्या टी-शर्टातली दोनशे माणसं. उतारावर जे.सी.बी. वाळलेल्या गवतात खड्डे घेत सरकत होता आणि त्याच्या डोक्यावर दोन टिटव्या जिवाच्या आकांतानं झेपा टाकत होत्या. एक मुलगी मोबाइलवर ते चित्रण करत होती. "सो क्यूट! बघ ना, वेलकम करतायत."

हिराताई जे.सी.बी.च्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बीडचा कुणी पोरगेलासा माणूस होता.

"काय झालं मावशी?"

"पुढे अंडी आहेत. त्या दगडांत. दिसत नाहीत, दगडासारखीच असतात. एवढी जागा सोड बाबा, बाकी काय करायचं ते कर."

"मला काय नाय. पण कुणाला तरी सांगा. वरनं सांगितलं तर मी सोडतो."

सांगायला कुणी दिसतंय का, हिराताईंनी पाहिलं. आमोद मांडवात पाहुण्यांना टोप्या देत होता. आणि उतारावरून, हातात रोप घेऊन, फोटोवाल्यांच्या घोळक्यातून पद्मजाबाई येत होत्या. त्या आजच्या प्रमुख पाहुण्या होत्या. पहिलं रोप त्यांच्या हस्ते लावायचं होतं. दोघी समोरासमोर आल्या. त्या सुनावणीनंतर पहिल्यांदाच.

"पद्माताई," हिराताई म्हणाल्या. सगळं विसरून म्हणाल्या. "अंडी आहेत तिथं. चार आहेत. तुम्ही एक शब्द बोलला तर थांबतील."

पद्मजाबाईंनी दगडांकडे पाहिलं. कुठे पाहायचं ते त्यांना कुणी दाखवायची गरज नव्हती. मग त्यांनी फोटोवाल्यांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हिरा, आज नको."

कुणीतरी हिराताईंना दंडाला धरून बाजूला नेलं, धक्काबुक्की न करता, "काकू, उन्हात उभ्या राहू नका" म्हणत. ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली. मग हिरव्या टी-शर्टातल्या एकानं हात हलवला आणि इंजिन सुरू झालं.

टिटव्यांचा आवाज थांबला नाही. अंडी गेल्यावरही त्या बराच वेळ ओरडत राहतात. स्पीकरवर भाषण सुरू झालं तेव्हा आयोजकांना त्याचा त्रास झाला.

हजार रोपांपैकी निम्मी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. खड्ड्यांची मोकळी माती मिळाल्यावर सुबाभळीचं जमिनीत पडलेलं बी सगळीकडून उगवलं आणि दोन पावसाळ्यांत पुरुषभर उंच झालं. टॉवरवाल्यांचं समाधान झालं, उतार पुन्हा बारमाही हिरवा दिसायला लागला. आमोद अमेरिकेला गेला. रविवारचं काम बंद पडलं. माफीनामा समितीनं दिला होता, हिराताईंनी नाही, त्यामुळे त्यांच्या एकटीवरची तक्रार तशीच राहिली. काही वर्षं तारखा पडल्या. एकदा वकील आला नाही, एकदा साहेब आले नाहीत, आणि शेवटी पुराव्याअभावी ते प्रकरण बंद झालं. निर्दोष आहात असं त्यांना कुणीच कधी सांगितलं नाही. प्रज्ञेशनं टॉवरमधला फ्लॅट विकून हडपसरला मोठा घेतला. आईबाबांसाठी त्यात एक खोली आहे. हिराताई सणाला जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात.

त्या बागेत पुन्हा गेल्या नाहीत. सकाळचं चालणं त्यांनी आळंदी रस्त्याच्या कडेनं सुरू केलं. तिथे ट्रकांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, आणि ते त्यांना बरं वाटतं असं त्या म्हणतात.

पद्मजाबाई एका दुपारी अचानक घरी आल्या, रिक्षा करून. काठी टेकत. हिराताईंनी दार उघडलं, "यावं मॅडम" म्हणाल्या, पंखा लावला, पाणी दिलं. मनगट कसं आहे, विचारलं. मुलगी कुठे असते, विचारलं. चहा केला, त्यात आलं किसून घातलं. सगळं रीतीप्रमाणे, 'आपण' आणि 'घ्या ना' करत. पद्मजाबाईंना तो 'आपण' सोसवेना.

"हिरा, मला बोलू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "मी घाबरले होते गं. पेपरात नाव, पोलीस… माझ्या घरात कधी असलं काही झालं नव्हतं."

हिराताईंनी कप खाली ठेवला. "आमच्याही घरात झालं नव्हतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "घाबरले तर मीही होते."

पद्मजाबाई आणखी थोडा वेळ बसल्या. कर्वेनगरला ये कधीतरी, म्हणाल्या. "बघू," हिराताई म्हणाल्या. हाताला धरून त्यांना रिक्षापर्यंत पोचवलं, काठी आत ठेवून दिली. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "सावकाश ने रे, वय झालंय त्यांचं."

परत आल्या तेव्हा संभाजीराव आतल्या खोलीतून बाहेर आले होते. इतका वेळ ते मुद्दामच आत बसले होते.

"काय म्हणत होत्या?" त्यांनी विचारलं.

"गुडघे दुखतात म्हणाल्या," हिराताई म्हणाल्या आणि कप विसळायला मोरीकडे गेल्या.